हवालदारांची देवी

माजी सैनिकांना काय काय सवलती मिळतात याची यादी आमच्या घरी तोंडपाठ आहे. अडचण एवढीच की त्यातल्या निम्म्या दुसऱ्या राज्यांच्या आहेत.

याला कारण आमचे भावोजी. बहीण सावंतवाडीकडे दिलेली, आणि भावोजीही आमच्या ह्यांच्यासारखेच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. महाराष्ट्र सरकारनं २०२० साली माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली, तेव्हा भावोजींचा फोन आला. "आमची माफ! तुमची?" ह्यांनी लगेच तो शासन निर्णय छापून घेतला आणि आमच्या गोव्यातल्या, सत्तरी तालुक्यातल्या पंचायतीत नेऊन दिला. सेक्रेटरीनं शेवटपर्यंत वाचला, मग वरची मुद्रा पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "मेजर, हें महाराष्ट्राचें."

(हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पहिल्यांदा ते दुरुस्ती करायचे. आता करत नाहीत.)

सरहद्दीवर उभं असताना कोणी विचारलं नाही की बाबा, तू नक्की कुठल्या राज्याची बाजू राखतोयस. घरी आल्यावर मात्र पहिला प्रश्न रहिवासाचा. जवान देशाचा, सवलत राज्याची. म्हणून मोबाइलवर पंजाब-हरियाणाची बक्षिसं वाचायची आणि हळहळायचं. भावोजी हळहळू देत नाहीत. आमच्याकडे येताना आठवणीनं कॅन्टीनची रम घेऊन येतात. महाराष्ट्र-गोवा हद्दीवरचा बांद्याचा नाका ओलांडून दारू उलट्या दिशेनं आणणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं वेगळं. तिथं मुलीच्या लग्नासाठी अनुदान आहे, हवालदार हुद्द्यापर्यंत, दोन मुलींना. पूर्वी पन्नास हजार होतं. २०२५ च्या नोव्हेंबरपासून एक लाख झालं. आमच्या दोन्ही मुली आपापल्या संसारात कधीच रुळल्या आहेत. हे मात्र बातमी वाचून मोठ्या जावयाकडे जरा विचारात पडल्यासारखे बघत होते.

राहता राहिलं माझं फॅमिली पेन्शन. म्हणजे हे गेल्यावर मला मिळायचं ते. त्याचे कागद नीट आहेत की नाहीत ते हे असतानाच बघून ठेवावं लागतं. ह्यांनी एका रविवारी ट्रंक उघडली, पेन्शनचा कागद काढला आणि विचारलं, "अगं, ही सुमित्रा देवी कोण?"

मी.

माझा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. जन्मनोंदीत मी 'झांताबाय' वाटावी अशी शांताबाई आहे, कारण पोर्तुगीज स्पेलिंगात 'श' ला एक्स लावतात. वडील विष्णू, त्यांच्याही मधोमध एक्स. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, सुमित्रा. ते ह्यांनी पलटणीत कळवलं. तिथला कारकून उत्तरेकडचा. त्याच्याकडच्या सगळ्या बायका देवी, म्हणून त्यानं मलाही देवी करून टाकलं. आधार कार्डवर मी नुसतीच शांता. ऑपरेशन विजयनं १९६१ च्या डिसेंबरात छत्तीस तासांत पोर्तुगीजांना गोव्याबाहेर काढलं. माझ्या नावातला एक्स अजून तळ ठोकून आहे.

मग कचेऱ्या. ह्यांची शिस्त अशी की साडेनऊच्या कचेरीला आठ वाजता हजर. अंगात ब्लेझर, छातीवर पदकं. पणजीचा उकाडा, त्यात ब्लेझर! शिपाई शटर वर करायला आला की आपोआप सावधान व्हायचा. आतल्या बाईनं माझे चारही कागद टेबलावर ओळीनं मांडले, एकदा कागदांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "बाय, हांतूंतली तूं खंयची?"

ह्यांना हसू आवरेना. पदकं वाजली.

चारही बायका एकच आहेत असं अ‍ॅफिडेविट करायचं ठरलं. ते मामलेदार कचेरीसमोरच्या टायपिस्टकडे तयारच असतं, फक्त नावं भरायची. त्याच्याकडच्या फॉर्मात दोन नावांची जागा होती. माझी चार निघाल्यावर त्यानं जादा पैसे मागितले. कागद आधी बेळगावला, ह्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला. तिथून पुढे प्रयागराजला, पेन्शनवाल्यांकडे. आता बघा, बेळगाव सरकारदरबारी २०१४ साली बेळगावी झालं. अलाहाबाद २०१८ साली प्रयागराज झालं. दोघांनाही कोणी अ‍ॅफिडेविट मागितलं नाही. आणि ही दोन गावं मिळून मला विचारतात, नाव का बदललं!

ह्यांचं दुखणं निराळं. मी मी आहे हे मला सिद्ध करायचं, आणि ते आहेत हे त्यांना, दर नोव्हेंबरात. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागतो. कुळागरात सुपारी आणि काजूत वर्षं गेल्यावर अंगठ्यावर रेषा कुठल्या राहायला? काजूच्या सालीचं तेल कातडी सोलून काढतं. यंत्रानं ह्यांना जिवंत मानायला साफ नकार दिला. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय आहे असं नातवानं शोधून काढलं. ओसरीवर खुर्ची मांडली. हे ताठ बसले, नजर समोर.

"आजोबा, डोळे मिटा-उघडा करा, मोबाइल सांगतोय."

हे ढिम्म. कॅमेरा म्हणजे परेड, आणि परेडला पापणी हलवायची नाही, असं बेळगावात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी डोक्यात बसलेलं. नातू विनवतोय, मोबाइल विनवतोय, समोर पुतळा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि जमेल तेवढ्या खड्या आवाजात ओरडले, "विश्राम!"

पापणी हलली. दाखला मिळाला. माझा कागद अजून प्रयागराजला आहे.