बोरिवलीच्या घरासाठी पग की डॅशहुंड?

माझ्या धाकट्या भावाने बोरिवलीच्या घरी कुत्रे आणायचे ठरवले आहे, आणि गेले दोन महिने आमचे प्रत्येक फोनवरचे बोलणे शेवटी त्याच एका प्रश्नाशी येऊन थांबते. घरात नऊ वर्षांची माझी भाची आहे, सहा वर्षांचा भाचा आहे, गुडघे दुखणारी आई आहे, आणि भाऊ व भावजय दोघेही सकाळी आठच्या सुमाराची लोकल पकडून संध्याकाळी साडेसातला परततात. मोठे कुत्रे त्या घरात मावणार नाही हे सर्वांना मान्य आहे. मुलांना पग हवा आहे, भावाला डॅशहुंड. परवा भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही दोन्ही सांभाळली आहेत, एकदा काय ते सांगून टाका." तिला जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण मुंबईत लहान घर आणि लहान मुले असलेली कितीतरी कुटुंबे नेमकी याच दोन जातींपाशी अडलेली मला दिसतात.

माझे मत डॅशहुंडच्या बाजूने आहे. मात्र स्वभावाचाच विचार केला असता तर मी एका क्षणात पग म्हटले असते, हे आधी मान्य केले पाहिजे.

लग्नानंतर मुलुंडच्या घरी आमच्याकडे नऊ वर्षे गुंडू नावाचा पग होता. मुलांशी इतके सौम्य वागणारे जनावर मी दुसरे पाहिलेले नाही. शेजारचे रांगते बाळ त्याचा कान धरून उभे राहायला शिकले आणि गुंडू ते उभे राहीपर्यंत जागचा हलला नाही. तो क्वचितच भुंकायचा, ताटाजवळ कोणी गेले तरी गुरगुरायचा नाही, आणि पाहुण्यांच्या मुलांना दारातच चाटून घरात घ्यायचा. पगची जात मुळात चीनमधली, माणसाच्या मांडीवर बसण्यासाठीच वाढवलेली, आणि ते काम ती आजही मनापासून करते. आपल्याकडे 2003 सालच्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी पोहोचला. मुलाच्या मागे मागे चालणारे ते छोटे कुत्रे खरोखरच तसे वागते, त्या जाहिरातीत खोटे काही नव्हते. फक्त ते कुत्रे श्वास कसा घेते, हे त्यात दिसले नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचे अंग थंड होते ते मुख्यतः धापा टाकण्याने, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओलसर भागावरून वेगाने हवा जाऊन तेथील पाणी वाफ होऊन उडाल्याने. पगच्या कवटीचे पुढचे हाड पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड केले गेले, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाला नाही. त्यामुळे नाकपुड्या चिंचोळ्या, टाळूचा मागचा पडदा लांब, आणि हवेचा रस्ता अर्धवट बुजलेला, अशी त्याची जन्मजात अवस्था असते. ज्या घोरण्याचे आपण व्हिडिओ काढतो, ते घोरणे म्हणजे त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्याची धडपड असते. आता याच्यावर मुंबईची हवा ठेवून पाहा. हवेतच बाष्प भरलेले असले की जिभेवरचे पाणी उडत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यापासून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत मध्ये पाऊस पडो वा न पडो, हवा दमटच असते. म्हणजे ज्या कुत्र्याची थंड होण्याची यंत्रणा आधीच अपुरी, त्याला आपण तीच यंत्रणा निकामी करणाऱ्या शहरात आणतो.

गुंडू चार वर्षांचा असताना ऑक्टोबरमध्ये एकदा सकाळी अकराच्या सुमारास मी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. जाऊन येऊन दहा मिनिटांचा रस्ता होता. परतताना तो फाटकाशी बसला, मग आडवा झाला, आणि त्याची जीभ जांभळट दिसू लागली. इमारतीच्या रखवालदाराने नळीने त्याच्या अंगावर पाणी सोडले, एका मुलाने पुठ्ठ्याने वारा घातला, आणि रिक्षाने आम्ही डॉक्टरांकडे पोहोचलो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. गुंडूचे तेव्हा 41च्या वर गेले होते. तो वाचला, आणि डॉक्टरांच्या मते रिक्षा शोधण्याआधी अंगावर साधे पाणी ओतले गेले म्हणून वाचला. पुढच्या वर्षी त्याच्या नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा पडदा कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याने फरक पडला, पण त्यानंतरही त्याचे फिरणे पहाटे सहाला आणि रात्री दहाला, तेही पंधरा मिनिटे, एवढेच राहिले. मुलांबरोबर संध्याकाळी मैदानात धावणारा कुत्रा तो कधीच होऊ शकला नाही, आणि माझ्या मुलाला खरे तर तेवढेच हवे होते.

हे केवळ आमच्या गुंडूपुरते नव्हते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2022 मध्ये ब्रिटनमधल्या पगांच्या वैद्यकीय नोंदी तपासून असे म्हटले की, आरोग्याच्या दृष्टीने पगला आता 'सर्वसाधारण कुत्रा' मानता येणार नाही. इतर कुत्र्यांच्या तुलनेत वर्षभरात एखादा तरी विकार होण्याची शक्यता त्याच्यात जवळपास दुप्पट आढळली. नेदरलँड्सने तर फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आणले आहेत. हे तोंड निसर्गाने दिलेलेही नाही. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने 1745 मध्ये स्वतःच्या चित्रात आपल्या पगला शेजारी बसवले आहे. त्या कुत्र्याला नीट दिसणारे, पुढे आलेले नाक आहे. मधल्या पावणेतीनशे वर्षांत ते नाक माणसाने आपल्या आवडीपोटी आत ढकलले.

मुलांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती डोळ्यांची. पगच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात आणि डोळे पुढे आलेले असतात. प्लास्टिकच्या बॅटचा टोला, पेन्सिलीचे टोक, पट्टा गळ्याला जोरात ओढला जाणे, यांपैकी कशानेही गंभीर इजा होऊ शकते. सहा वर्षांचा मुलगा असलेल्या घरात हा धोका रोजचा आहे. पावसाळ्यात चेहऱ्याच्या घड्यांमध्ये ओल राहून कातडी लाल होते आणि वास येतो. त्या घड्या रोज पुसून कोरड्या कराव्या लागतात. आणि केस इतके गळतात की आईच्या काळ्या साडीवर बसायची त्याला आम्ही बंदीच केली होती.

आता डॅशहुंड. आपल्याकडे सगळे डॅशहाउंड म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ बिज्जूचा कुत्रा. बिज्जूच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढण्यासाठी जर्मनीत ही जात तयार झाली, म्हणून पाय आखूड, छाती खोल, आवाज दणदणीत आणि स्वभाव हट्टी. जमिनीखाली अंधारात मालकाच्या हुकुमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणाऱ्या कुत्र्याचा तो स्वभाव आहे, आणि तो फ्लॅटमध्ये आल्याने बदलत नाही. नाक मात्र लांब आणि मोकळे असते. पाऊस नसेल तर संध्याकाळी साडेसहाला तो मुलांबरोबर अर्धा तास खेळू शकतो, आणि घरी येऊन पाणी पिऊन शांत झोपतो.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि तेथे आमच्याकडे राणी नावाची तपकिरी डॅशहुंड तेरा वर्षे होती. मी तिच्यावर जिवापाड प्रेम केले, म्हणूनच तिच्या उणिवा लपवणार नाही. पहाटे दूधवाला जिना चढू लागला की ती सगळा मजला जागा करायची. एकदा ती जेवत असताना माझ्या मावसभावाने तिच्या वाटीत हात घातला आणि ती त्याला चावली. दोन दात लागले, इंजेक्शने घ्यावी लागली. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा माणसांवर गुरगुरण्या-चावण्यात डॅशहुंड वरच्या क्रमांकांत निघाला. भावाला हे मी फोनवर दोनदा सांगितले, कारण 'लहान कुत्रा आहे, काय करणार' हे वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

दुसरी उणीव पाठीची, आणि ती अधिक गंभीर. ज्या जनुकीय बदलांमुळे या जातीचे पाय आखूड झाले, त्यांच्याशीच मणक्यांमधल्या गाद्या लवकर सुकून कडक होण्याचे कारण जोडलेले आहे. अशी गादी फाटून मज्जारज्जूवर दाब आला की मागचे पाय लुळे पडतात. साधारण चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुतेकदा तीन ते सात या वयात. राणीला तो सातव्या वर्षी झाला. त्या दिवशी सुटीत आलेल्या पाहुण्यांच्या मुलीने तिला पुढच्या दोन पायांना धरून उचलले होते, त्यानंतर ती पलंगावरून उडी मारून उतरली, आणि संध्याकाळी तिचे मागचे पाय फरशीवर घसटू लागले. वडील तिला फळीवर निजवून टॅक्सीने परळला घेऊन गेले, ज्याला तेव्हा आम्ही सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणत असू तेथे. औषधे, आणि सहा आठवडे एका खोक्यात जवळजवळ न हलता पडून राहणे, एवढ्यावर ती बरी झाली. थोडी लंगडत राहिली. सगळ्या कुत्र्यांचे नशीब असे नसते. काहींना लगेच शस्त्रक्रिया लागते, काही पुन्हा चालत नाहीत.

इतके सगळे असूनही मी डॅशहुंड का म्हणते? कारण या दोन्ही उणिवांवर घरातली माणसे रोज काहीतरी करू शकतात. वजन वाढू द्यायचे नाही. पलंग आणि सोफ्यावर चढू द्यायचे नाही किंवा चढण्यासाठी उतरती फळी लावायची. बोरिवलीच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यांवर सतरंज्या अंथरायच्या. जिन्याने नेण्याऐवजी लिफ्ट वापरायची, आणि ती बंद असेल तर उचलून न्यायचे. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ जमिनीला समांतर. पहिली काही वर्षे मोठे माणूस समोर असल्याशिवाय मुलांनी उचलायचेच नाही. चावण्याच्या बाबतीत, कुत्रे जेवत असताना आणि झोपलेले असताना त्याच्या वाटेला जायचे नाही, हा एकच नियम कडक पाळला तर घरातले बहुतेक प्रसंग टळतात. पिल्लू लहान असतानाच त्याला निरनिराळी माणसे, लहान मुले, लिफ्ट, फटाके यांची ओळख करून दिली तर स्वभाव बराच निवळतो. पगच्या बंद नाकावर मात्र नऊ वर्षे मी काय करू शकले? एसी लावला, खर्च केला, आणि प्रत्येक उन्हाळा भीतीत काढला. आईच्या गुडघ्यांचाही विचार मी केला. दिवसभर घरात तीच असणार, आणि दुपारी एकटीच्या अंगावर धापा टाकणाऱ्या कुत्र्याला सांभाळायची वेळ तिच्यावर येऊ नये असे मला वाटते.

मुंबईच्या पावसाचा एक इशारा डॅशहुंडसाठी वेगळा आहे. त्याचे पोट रस्त्यापासून वीतभर उंच, त्यामुळे साचलेले पाणी थेट पोटाला लागते, आणि त्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेला लेप्टो या तापाचा जंतू असू शकतो. तो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. लेप्टोची लस चुकवायची नाही, साचलेल्या पाण्यातून न्यायचे नाही, आणि घरी आल्यावर पोट व पंजे धुऊन कोरडे करायचे. गोचिडांचा त्रास मात्र पग आणि डॅशहुंड दोघांनाही सारखाच.

सोसायटीच्या सचिवांनी भावाला 'ठराव करून बंदी घालू' असे सांगितले आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या परिपत्रकानुसार सोसायटीला असा ठराव करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण डॅशहुंडचे भुंकणे खरे आहे, तेव्हा परिपत्रकाची प्रत घेऊन जाण्याआधी शेजाऱ्यांकडे चहाला जा, असे मी त्याला सांगितले. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस या गोष्टी वेळेवर झाल्या की बोलायला जागा उरत नाही.

पिल्लू कोठून घ्यायचे यावर मी हट्टी आहे. 2017च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. म्हणून आई समोर दाखवा, ती चालताना पाहू द्या, तिच्या आईवडिलांना पाठीचा त्रास झाला होता का ते सांगा, एवढे विचारायचे, आणि आई दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोड असले तरी परत फिरायचे. कोणी घर सोडताना किंवा परदेशी जाताना तीन-चार वर्षांचा, मुलांत वाढलेला डॅशहुंड देत असेल तर मी पिल्लापेक्षा तोच घेईन, कारण त्याचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो.

गेल्या रविवारी मी बोरिवलीला गेले होते. भाचा पगसाठी थोडा रडला. गुंडूची गोष्ट त्याला मी सगळी सांगितली, जांभळट जिभेसकट. भाचीने दिवाणावरचा लोड खाली घेतला, एक हात पुढे, एक हात मागे घातला, आणि तो वाकडा न होऊ देता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मग भावाला तिने उचलून दाखवायला लावले. त्याचा लोड मधोमध वाकला, आणि तिने त्याला पुन्हा उचलायला सांगितले.