माळावर खड्डे घेण्याआधी

जून आला की गावाकडच्या ग्रुपवर वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. यंदाचा बेत मोठा आहे: गावच्या वरच्या अंगाला गायरानाचा जो माळ आहे, तिथं पाच हजार झाडं लावायची आणि बाहेर असलेल्यांनी वर्गणी द्यायची. चुलतभावानं मला थेटच विचारलं, "तू तिकडं बेटावर फुकट राबायला जातोस, मग गावाला का नको?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर मात्र त्या पाच हजार खड्ड्यांच्या विरोधात जातं, आणि त्याचं कारण ते बेटच आहे.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या समुद्रात तिरितिरी मातांगी हे २२० हेक्टरचं बेट आहे. शंभराहून अधिक वर्षं तिथं गुरं-मेंढरं चरली आणि मूळ जंगलाचे थोडेच तुकडे उरले. चराई थांबल्यावर १९८४ ते १९९४ या काळात शाळकरी पोरांपासून निवृत्त माणसांपर्यंत साध्या लोकांनी तिथं अडीच ते तीन लाख झाडं लावली. एवढं सांगितलं की गावाकडचे म्हणतात, बघा, आपणही हेच करतोय!

हेच नाही. तिथल्या रोपवाटिकेतलं बी त्याच बेटावरून आणि आसपासच्या भागातून गोळा केलेलं होतं. आणि सगळं बेट झाडांनी भरायचं नाही, सुमारे चाळीस टक्के भाग गवताचाच ठेवायचा, हे मूळ आराखड्यातच होतं. आज त्या गवतावर ताकाहे चरतो. उडता न येणारा हा निळा-हिरवा पक्षी नामशेष झाला असं मानलं जात होतं, तो १९४८ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या डोंगरांत पुन्हा सापडला. पोहुतुकावा नावाचं चिवट झाड बेटावर जास्त लागलं होतं. त्याच्या दाट सावलीत दुसरं काही वाढेना, म्हणून नंतर काही ठिकाणी विरळणी करावी लागली. १९९३ साली आकाशातून विषारी आमिष टाकून तिथले उंदीर संपवले. जीव मारण्याचा हा निर्णय मला आजही जड वाटतो, पण अंडी-पिल्लं वाचली ती त्यामुळेच.

आम्ही स्वयंसेवक आता तिथं जे करतो त्यात लागवड फारशी नाहीच. बाहेरून आलेल्या वेली उपटायच्या, पायवाटा दुरुस्त करायच्या, हिही नावाच्या लहान पक्ष्यासाठी ठेवलेली साखरपाण्याची भांडी धुवायची. बोटीत चढण्याआधी बूट घासायचे, पिशव्या उघडून बघायच्या, म्हणजे मुंगी, उंदीर किंवा तणाचं बी बेटावर जायला नको. फोटो काढावा असं त्यात काही नसतं.

आता आपला माळ. वीतभर माती, खाली मुरूम. त्यावर कुसळी, पवना, मारवेल, मधून बोर, तरवड, हिवर. चंडोल, धाविक, तितर, खोकड, लांडगा यांचं तेच घर. आजोबा माळढोक बघितल्याचं सांगायचे, तोही याच गवतातला. हा माळ म्हणजे तुटून गेलेलं जंगल आहे असं धरून तिथं ओळीनं ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, तर सावलीखालचं गवत जाईल आणि गवतावरचं सगळंच जाईल. झाडं जगली नाहीत तर पैसा वाया, जगली तर माळ वाया.

राज्यात २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत लागवडीचं उद्दिष्ट २ कोटींवरून ३३ कोटींवर गेलं. पुढं २०२१ मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. तेव्हापासून आपल्याकडचा वाद एकाच जागी अडकलाय: किती लावली, किती जगली. जी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं विसरली नाहीत, ती माणसं हे विचारणारच. पण तिथं आधी काय होतं, हे कुणी विचारताना मला दिसत नाही.

काहीजण म्हणतात, तिकडं शिस्त आहे, आपल्या लोकांना किंमत नाही. हे मला मुळीच पटत नाही. बेटाला चहूकडून समुद्राचं कुंपण आहे आणि चरायला येणारी कुणाची शेळी नाही. आपल्या गायरानावर धनगरांची मेंढरं चरतात. मराठवाड्यातल्या कितीतरी भूमिहीन, बहुतेक दलित, कुटुंबांनी अशीच गायरानं कसून पोट भरलंय. पट्टा नावावर व्हावा म्हणून त्यांची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. झाडांच्या नावानं तारेचं कुंपण आलं की पहिली ही माणसं बाहेर पडतात. शेजारी सोलापूर-नगरकडं माळढोकासाठी १९७९ साली तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर झालं. त्यात लोकांच्या खाजगी जमिनी अडकल्या, खरेदी-विक्री अडली आणि राग निघाला पक्ष्यावर. पुढं ते क्षेत्र खूप कमी करावं लागलं, पण तोवर माळढोक जवळजवळ संपला होता.

म्हणून भावाला मी लिहिलंय की वर्गणी देतो, पण माळावर खड्डे घेऊ नका. झाडं ओढ्याच्या काठानं आणि बांधांवर लावा. करंज, जांभूळ, उंबर, बोर, बाभूळ, सगळी आपल्याच शिवारातल्या बियांची. पाच हजार नकोत, पाचशे पुरेत, आणि माझे पैसे त्यांना दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्याच्या पगाराला जाऊ द्या. गवत वाढू द्यायला कोणता तुकडा कधी बंद ठेवायचा, ते ग्रामसभेत मेंढपाळ आणि गायरान कसणारे समोर बसवून ठरवा. ते नाही म्हणाले तर तो तुकडा सोडून द्या. जांभळं पिकायला लागलीच आहेत, बिया आत्ताच गोळा करून ठेवा.