36 ट्रिपल आणि आत ओढलेली दोरी

आयपीएल सुरू झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद रंगतो. 2024 मध्ये हैदराबादने बंगळुरूविरुद्ध 287 धावा कुटल्या, तेव्हा माझ्या मावसभावाने लिहिलं, ‘लोक षटकार बघायलाच पैसे मोजतात, सीमारेषेची दोरी आत असली तर बिघडलं कुठे?’ मला हे पटत नाही. मी अमेरिकेत पिट्सबर्गला राहतो, आणि माझं उत्तर याच शहरातलं आहे.

1912 साली इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाच्या ओवेन ‘चीफ’ विल्सनने एका हंगामात 36 ट्रिपल मारले. बेसबॉलमध्ये धाव पूर्ण करायला चार बेस, म्हणजे टप्पे, गाठावे लागतात; एका फटक्यावर धावत थेट तिसरा बेस गाठायचा, तो ट्रिपल. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, त्यानंतर कुणीही 26 च्या पुढे गेलेलं नाही. खुद्द विल्सनलाही इतर कुठल्या हंगामात 14 पेक्षा जास्त जमले नाहीत. तो त्या वर्षी अफाट खेळला, पण त्याला मैदानही तसंच मिळालं होतं. पायरेट्सच्या तेव्हाच्या मैदानाची, फोर्ब्ज फील्डची, भिंत काही ठिकाणी 450 फुटांपेक्षा दूर होती. (तिचा एक तुकडा अजून उभा आहे, गावाकडून कुणी आलं की मी आवर्जून दाखवायला नेतो.) मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी एका खेळाडूचे सर्वाधिक होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) किती, तर 14! म्हणजे प्रेक्षक पैसे मोजत होते ते धावाधाव बघायला. चेंडू भिंतीकडे पळतोय, क्षेत्ररक्षक त्याच्या मागे, बॅटर दुसरा बेस ओलांडतोय, तिकडून फेक येतेय. दहा-बारा सेकंद अख्खं मैदान उभं.

हे आता दुर्मीळ झालंय. 2007 मध्ये डेट्रॉइटच्या कर्टिस ग्रँडरसनने 23 ट्रिपल मारले, तेही प्रशस्त मैदानाच्या जिवावर. 2023 मध्ये त्या मैदानाचीही मधली भिंत 10 फूट आत आणली. शिवाय दुसऱ्या बेसवर सुरक्षित असताना तिसऱ्यासाठी बाद होण्याचा धोका आजचे संघ सहसा पत्करत नाहीत.

आपल्याकडे पळून काढलेल्या तीन धावांचं हेच होतंय. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून 59.43 ते 82.29 मीटरपर्यंत ठेवता येते. खेळाडू घसरत जाऊन फलकांवर आदळू नयेत म्हणून दोरीमागे थोडी जागा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याहून जास्त जागा मोकळी असते तिथे दोरी मागे न्या, असं सुनील गावसकर कधीचं सांगताहेत. मी त्यांच्या बाजूने आहे. चांगल्या चेंडूवर चुकलेला फटकाही सहा धावा देऊन जातो, तेव्हा गोलंदाजाने करायचं काय? आणि सीमेवरून जीव तोडून पळत येणाऱ्या पोराने? वानखेडे असो की चिन्नास्वामी, सुरक्षेपुरतं अंतर सोडून उरलेला प्रत्येक मीटर खेळासाठी वापरा. त्याने षटकार थोडे कमी झाले तर होऊ द्या.