पाऊण लिटर घाम कोणत्या टाकीला येतो?

"भाऊ, पावसाळा आहे. टाकीले घाम येते, तेच पाणी खाली बसते. तुम्ही टाकी अर्धी ठेवता, त्याले आम्ही काय करू?"

माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत पाणी निघालं, त्यावर गेल्या आठवड्यात हे मला तिघांनी ऐकवलं. पंपावरच्या पोरानं, त्याच्या मॅनेजरनं आणि वरून माझ्या सख्ख्या चुलतभावानं. तेव्हापासून डोकं फिरलंय राजेहो, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही घाटंजी तालुक्यातले. आईचा मोतीबिंदू काढलेला, सोमवारी सकाळी 9 वाजता यवतमाळला डोळा दाखवायचा होता. शुक्रवारी दोन दिवसांची झड उघडली तसा पंपावर जाऊन 1500 रुपयांचं पेट्रोल टाकलं. घरी आलो, गाडी गोठ्याजवळ उभी केली, शनिवार-रविवार हलवली नाही. सोमवारी साडेसहाला निघालो. चार किलोमीटर गेलो नसू, गाडी झटके मारायला लागली, मिसिंग झाली आणि सागाच्या जंगलात, रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, अलीकडे बंद पडली. पेट्रोलच्या मीटरवर आठपैकी पाच काड्या. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, काड्या पाचच्या पाच.

डॉक्टरांनी डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका म्हणून बजावलेलं. आणि बहात्तर वर्षांची माझी माय काळा चष्मा लावून, काच वर करून गाडीत पावणेदोन तास बसली. बाहेर रिमझिम. एसी बंद, काचेवर वाफ. मोबाइलला रेंज नाही. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून गावापर्यंत ओढलं, त्याचे उपकार. पण तारीख गेली ती गेली, पुढची आठ दिवसांनी मिळाली.

मिस्त्रीनं मागची सीट उचलली, फ्युएल पंप काढला, टाकी रिकामी केली. पारदर्शक डब्यात ओतून ठेवलं तर वर पिवळसर पेट्रोल आणि खाली गढूळ थर, वेगळा. तो थर मापून पाहिला, पाऊण लिटर भरला. झाकण पाहिलं, झाकणाचं रबर पाहिलं, नळी पाहिली. सगळं शाबूत.

आता हा घामाचा हिशेब मी मांडून दाखवतो, कोणीही तपासावा. 30 अंशांच्या हवेत, अगदी काठोकाठ दमट असली तरी, एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. माझी टाकी 35 लिटरची. पूर्ण रिकामी असती तरी आतल्या हवेत जेमतेम 1 ग्रॅम पाणी, म्हणजे वीस-एक थेंब. ते सगळंच्या सगळं भिंतीला चिकटून खाली उतरलं असं धरा, जे कधीच होत नाही. वरून टाकीतली हवा रोज पूर्ण बदलत नाही. रात्री 10 अंशांनी गार झालं तर हवा 3 टक्के आकसते, तेवढीच बाहेरची आत येते. तरी मी पंपवाल्याच्या बाजूनं मोजतो. पाऊण लिटरातलं निम्मं इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात ते ऊस-मक्याचं अल्कोहोल, धरतो, कारण पाणी खाली बसताना पेट्रोलमधलं इथेनॉल सोबत ओढून नेतं. उरलं पावणेचारशे मिली पाणी. रोज रात्री एक ग्रॅम या दरानं त्याला वर्षाहून जास्त रात्री लागतील. माझी गाडी उभी होती तीन रात्री, आणि टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली.

आणखी ऐका. साध्या पेट्रोलमध्ये दोन-चार थेंब पाणी आलं तर ते तळाशी बसायचं, म्हणून आमचे वडील पावसाळ्यात टाकी फुल्ल ठेवा म्हणायचे. त्या काळच्या लोखंडी टाकीला ते बरोबर होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी पिऊन घेतं. 10 टक्के मिश्रणाच्या 20 लिटरमध्ये साधारण 100 मिली पाणी जिरून जातं, 20 टक्क्यांच्या मिश्रणात त्याहूनही जास्त. ते इंजिनात जळून जातं, कळतही नाही. थर वेगळा पडला याचा अर्थच असा की पाणी थेंबानं नाही, पेलेच्या पेले भरून आलं. दोन दिवस पाऊस कोसळला, पंपाची टाकी जमिनीत. तिथं पाणी शिरलं का, हे डिप रॉडला, म्हणजे टाकीत सोडायच्या मोजपट्टीच्या सळईला, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून तळ पाहिला की कळतं आणि ते पाहणं त्यांचं काम आहे. झडीनंतर पाहिलं होतं का, एवढंच मी विचारलं. उत्तर मिळालं घामाचं.

आणि तो मीटर! पाच काड्या दाखवत गाडी मेली, कारण टाकीतला फ्लोट, म्हणजे मीटरला जोडलेला तरंगता तुकडा, कशावर तरंगतोय हे त्याला कळतच नाही. पाणी असो, पेट्रोल असो, वर आला की काडी पेटली. खालून पंप पाणी ओढत होता आणि वर मीटर सांगत होतं, चला. एरवीही हा मीटर मला सात वर्षं फसवत आलाय. टाकी फुल्ल केली की पहिली काडी शंभर किलोमीटर हलत नाही आणि शेवटच्या दोन पस्तीस-चाळीसमध्ये गायब. टाकी चौकोनी डबा नसते, सीटखाली बसवायला वेडीवाकडी केलेली असते, म्हणून एक काडी म्हणजे ठरावीक लिटर असं काहीच नाही. गाडी उतारावर लावली तर वेगळं, चढावर लावली तर वेगळं. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पंप असतो तिथं चालून जातं. आमच्याकडे पुढचा पंप वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्ये नुसतं जंगल. रिझर्व्हला नक्की किती लिटर उरतं, हा आकडा मीटरवर लिहायला कंपनीचं काय जातं?

मी वही ठेवतो, 2018 पासून. फुल्ल ते फुल्ल, किलोमीटर भागिले लिटर. गाडी घेताना शोरूममध्ये ॲव्हरेज सांगितलं 23. तो आकडा येतो चाकं रोलरवर फिरवून केलेल्या चाचणीतून. जेमतेम 20 मिनिटांची चाचणी, वेग कमाल 90, गाडी खोलीत उभी, आणि माझ्या गाडीच्या वेळी एसी बंद. त्या खोलीत ना खड्डा, ना बैलगाडीमागं दुसऱ्या गेअरवर चालणं, ना मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. माझ्या वहीत कधी 18 च्या वर गेलं नाही. आणि गेल्या दोन वर्षांत ते 16.5 वर आलंय. टायरची हवा तीच, रस्ता तोच, चालवणारा मीच.

विचारलं तर म्हणतात, तुमचा पाय जड आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. 2021 मध्ये नीती आयोगाच्याच अहवालात लिहिलं होतं की जुन्या धर्तीच्या चारचाकीत 20 टक्के मिश्रणानं 6 ते 7 टक्के ॲव्हरेज घटेल. मका-ऊस लावणाऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर मिळोत, मी स्वतः कास्तकार आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण लिटरमागं ऊर्जा कमी देता तर भाव का तोच? शंभराच्या वर मोजतो मी एका लिटरला. कापूस नेला की कटती कापतात, ओलावा आहे म्हणून भाव पाडतात, मीटर लावून टक्के दाखवतात. माझ्या कापसातला ओलावा यांना दिसतो आणि यांच्या पेट्रोलमधलं पाणी म्हणे माझ्या टाकीचा घाम!

हे सगळं मी डबा पुढे ठेवून मॅनेजरला सांगितलं. तो डब्याकडे पाहतही नव्हता. घनता मोजून दाखवा म्हटलं तर "आता गर्दी आहे जी". गर्दी म्हणजे दोन मोटारसायकली. तक्रारवही द्या म्हटलं, ती मागणाऱ्याला द्यावीच लागते. तर म्हणतो, "ते सायबाच्या कपाटात आहे, चाबी त्याहीच्याजवळ, ते मंगळवारी येतेत."

टाकी साफ करायचे, फिल्टरचे आणि वाया गेलेल्या पेट्रोलचे मिळून 3400 रुपये गेले. बिल जपून ठेवलंय. डब्यातला गढूळ थर काचेच्या बाटलीत भरून, वर तारीख लिहून अंधारात ठेवलाय. मंगळवारी सकाळी दहाला मी त्या पंपावर असेन, बाटली आणि सात वर्षांची वही घेऊन. कपाट उघडेपर्यंत तिथून हलणार नाही.