फूड स्टॅम्पवाले ‘घरीच बसतात’ म्हणणारा फॉरवर्ड

गेले काही दिवस हा मजकूर फिरतोय: “अमेरिकेत फूड स्टॅम्प घेणाऱ्या चार कोटी लोकांना सरकार नोकरीचं प्रशिक्षण देतं, तरी ते घरीच बसतात. सरकारचाच अहवाल आहे! आपल्याकडेही रेशनला अशी अट घाला.”

चार कोटी हा आकडा ढोबळमानाने फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना किराणा घ्यायला मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांचा, शिकणाऱ्यांचा नव्हे. तिथल्या सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०१६ च्या आर्थिक वर्षात, सरासरी महिन्याला, प्रशिक्षणात होते सुमारे ०.५ टक्के. दोनशेत एक! उरलेल्यांत लहान मुलं, म्हातारी माणसं, अपंग आणि मुळात नोकरी करणारेही आहेत.

‘घरीच बसतात’ हे तर अहवालातून निघतच नाही. २०१४ च्या अमेरिकन शेती कायद्यानंतर (फूड स्टॅम्पचे नियम त्यातच येतात) राज्यांना दरवर्षी कळवावं लागतं, की प्रशिक्षण संपल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत किती जण नोकरीत होते आणि त्यांची मध्यक कमाई (निम्म्यांची त्याहून जास्त, निम्म्यांची कमी) किती होती. ही माहिती मुख्यतः मालकांनी बेकारी विम्यासाठी भरलेल्या पगारनोंदींतून येते. रोख पैशांवर घरं साफ करणारी बाई किंवा स्वतःच्या गाडीवर भाडी मारणारा माणूस त्या नोंदींत सहसा नसतो, म्हणजे कागदावर तो बेकारच. उलटही होतं: ज्याला एरवीही नोकरी लागली असती, तो प्रशिक्षणाचं यश म्हणून मोजला जातो. प्रशिक्षणाचा खरा परिणाम पाहायचा तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही. त्याच कायद्याने त्यासाठी २० कोटी डॉलर देऊन दहा राज्यांत वेगळे प्रयोग करवले, ते उगाच नाही.

फॉरवर्डवाल्याला एक मुद्दा देऊन टाकतो: आकडे धड नाहीत. जीएओने आपल्या अहवालाच्या शीर्षकातच जास्त पूर्ण, जास्त अचूक माहिती हवी असं म्हटलंय. पण मग त्याच आकड्यांवरून लोकांना आळशी कसं ठरवता?

आता अट. मुलंबाळं पदरी नसलेल्या धडधाकट प्रौढांना १९९६ पासून आठवड्याला २० तास काम किंवा प्रशिक्षण दाखवावं लागतं. नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत. प्रशिक्षणाची जागा मात्र प्रत्येकाला मिळेलच असं नाही. आपल्याकडे महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला, तो नेमका उलट्या बाजूने: काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी सरकारवर. काम केलं नाही म्हणून रेशन कापायचं कलम त्यात नव्हतं.