‘पाणी नव्हे, ब्रँड हवा’ : मराठवाड्याविषयीच्या एका संदेशाला उत्तर

‘मराठवाड्याला पाणी नव्हे, ब्रँड हवा’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेल्या पंधरवड्यात मला व्हॉट्सॲपवर चार वेळा आला आणि पहिल्या तीन वेळा मी तो न वाचताच सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला. वाळूजच्या एका कारखान्यातली सहा वर्षांची नोकरी सोडून, भूम तालुक्यातल्या वडिलांच्या चार एकरांत कर्ज काढून कृषी पर्यटन केंद्र उभारायचे त्याने ठरवले आहे. माझ्या बहिणीने काळजीपोटी त्याला चार प्रश्न विचारले, तेव्हा त्याने उत्तर म्हणून हाच संदेश तिला वाचून दाखवला. त्यामुळे आता गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशातले म्हणणे थोडक्यात असे आहे. स्पेनमधल्या बिल्बाओ या बुडत्या शहराने एक संग्रहालय बांधले आणि ते तरले. लातूर एका ‘पॅटर्न’च्या नावावर मोठे झाले. भौगोलिक मानांकन मिळाले की शेतमालाला भाव आपोआप येतो. गावाला कमान, भिंतीचित्रे, बोधचिन्ह आणि वार्षिक महोत्सव दिला की तरुण परत येतात. आणि ऊसतोडीला जाणे ही मजबुरी नसून ‘मानसिकता’ आहे, गावाची प्रतिमा बदलली की तीही बदलेल.

यातले शेवटचे विधान मी आधी घेतो, कारण बाकीची विधाने अर्धवट माहितीतून आलेली असतील, पण हे विधान कष्टकऱ्यांवर सरळसरळ अन्याय करणारे आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिक्षक होतो. चौथीच्या पटावर अडतीस मुले असत आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गात एकोणीस-वीस उरत. बाकीच्यांची बिऱ्हाडे ट्रकमधून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघून गेलेली असत. एका वर्षी एका मुलीने निघण्याच्या आदल्या दिवशी आपली पुस्तके माझ्या कपाटात ठेवायला दिली, कारण मागच्या हंगामात कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, ती उंदरांनी कुरतडली होती. मार्चअखेरीस ती परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तके तिने ठेवायला दिली तशीच, कोरी करकरीत होती. या मुलीच्या आईवडिलांची मानसिकता बदलायला निघालेल्यांनी आधी त्यांचा हिशेब पाहावा.

हा हिशेब असा असतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाच्या कित्येक महिने आधी ही जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि त्या पैशातून मुलीचे लग्न, दवाखाना किंवा खता-बियाणांचे देणे भागवते. मग हंगामभर पहाटेच्या अंधारात फडात उतरून टनाच्या दराने ती उचल फेडायची, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून रोजचा किराणा भरायचा, आणि तरीही उचल फिटली नाही तर राहिलेली बाकी पुढल्या हंगामावर जाते. माणसे हा मार्ग धरतात, कारण त्यांची जमीन कोरडवाहू आहे, सोयाबीन-कापसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही, आणि परतीचा पाऊस हुकला की रब्बीची ज्वारीही हातची जाते. वेशीवर कमान उभी राहिल्याने मुकादमाच्या वहीतली बाकी एका रुपयानेही कमी होत नाही.

बिल्बाओचे उदाहरण मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण संदेश लिहिणाऱ्याने त्यातला शेवटचा प्रसंग उचलला आणि आधीची सगळी कथा गाळली. पोलाद आणि जहाजबांधणीवर जगणारे ते शहर ऐंशीच्या दशकात खरोखरच कोसळले होते आणि १९८३ च्या महापुराने त्यात भर घातली. फ्रँक गेहरी यांनी आराखडा केलेले गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडले. पण त्याच्या कितीतरी आधी नदीत जाणाऱ्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे काम सुरू झालेले होते, बंदर शहरातून हलवून नदीच्या मुखाकडे नेण्याचे ठरलेले होते, आणि भुयारी रेल्वे १९९५ मध्ये, म्हणजे संग्रहालयाच्या दोन वर्षे आधी, धावू लागली होती. १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिया २०००’ ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली. तिने बंदराची आणि रेल्वेची मोकळी झालेली जमीन विकसित केली आणि त्यातून आलेला पैसा पुन्हा शहराच्याच कामांत घातला. शिवाय बास्क प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात आणि त्यातला ठरलेला वाटा केंद्राला देतात. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये आलेल्या, विकासनिधीच्या न्याय्य वाटपावर लक्ष ठेवणाऱ्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदतसुद्धा ३० एप्रिल २०२० रोजी संपली. बिल्बाओचा दाखला द्यायचा असेल तर तो सांडपाणी, रेल्वे आणि पैशांवरचा अधिकार यांच्यासाठी द्यावा. त्यावरून पाण्याची गरज नाही असे कसे ठरते, हे मला कळलेले नाही.

लातूरच्या बाबतीत मला थोडे मान्य करावे लागेल. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने शहराचे अर्थकारण बदलले हे खरे आहे. वसतिगृहे, खानावळी, पुस्तकांची दुकाने आणि शिकवण्या यांवर तिथली हजारो घरे चालतात. पण ते नाव कोणी जाहिरातीसाठी बेतलेले नव्हते, तिथल्या महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे जादा तास आणि सराव परीक्षा घेऊन दिलेल्या निकालांतून ते लोकांच्या तोंडी बसले. आणि त्याच लातूरवर २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदीचा आदेश लावण्याची वेळ आली, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. मराठवाड्यातल्या सर्वांत नावाजलेल्या शहराला रेल्वेने पाणी पाजावे लागले, याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा?

भौगोलिक मानांकनाविषयी थोडक्यात लिहितो. बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला ते मिळून बरीच वर्षे झाली. ते नाव दुसऱ्या भागातल्या मालाला लावण्यास कायद्याने अटकाव होतो, आणि ते लावून माल विकायला शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. भाव ठरवणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. कुंथलगिरीच्या खव्यालाही मानांकन आहे, त्याचा मला अभिमान आहे, आणि माझी बहीण त्या भागातल्याच एका भट्टीला रोज दूध घालते. लिटरमागे तिच्या हातात मिळणारे पैसे मानांकनानंतर वाढले का, असे मी तिला विचारले. तिने ‘नाही’ म्हणून सांगितले.

कमान, भिंतीचित्रे आणि महोत्सव यांच्यावर शाई खर्च करण्याची माझी इच्छा नाही. ज्यांना गाव बदललेले पाहायचे आहे त्यांनी जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला जावे. तिथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर, बांधबंदिस्ती आणि नाल्यांवरचे बंधारे झाले. पाणी मुरले, विहिरी टिकल्या, मग द्राक्षबागा आल्या, आणि ‘द्राक्षांचे गाव’ हे नाव त्यानंतर लोकांनीच दिले. तिथल्या शेततळ्यांच्या वाढत्या संख्येवर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, पण तो वादही पाणी असलेल्या गावातलाच आहे.

भाच्याच्या हिशेबात सहा खोल्या, एक हुरडा पार्टीचे अंगण आणि प्रवेशद्वाराचा फलक होता; त्यात विहिरीचा उल्लेख नव्हता. हुरड्याला पाहुणे येतील, कारण तो जानेवारीच्या आसपास असतो, पण कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो आणि त्यांच्या विहिरीचा तळ एप्रिलमध्ये दिसतो. मी त्याला केंद्र काढू नकोस असे म्हटले नाही, फक्त विहीर मोजायला सांगितले. परवा त्याने दोरीला दगड बांधून ती मोजली आणि ओल्या दोरीचे छायाचित्र मला पाठवले: पाणी अडीच परस, म्हणजे अडीच पुरुष खोल, भरले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याच दगडाने पुन्हा मोजायचे आणि तोवर बँकेत सही करायची नाही, एवढे त्याने आईला कबूल केले आहे.