भूक मारायला मिश्री

खाण्याचे विकार आणि व्यसन एकाच माणसात बऱ्याचदा सोबत सापडतात, हे या दोन्हींवरच्या एका लेखात वाचलं, नीट मांडलंय. पण उदाहरणं सगळी दारू-सिगारेटची. आमच्या मराठवाड्यात मिश्रीचंही बघा, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. माझी भाची लातूरला क्लाससाठी राहायची. डबा परत जायचा तेव्हा भाकरीचा पापुद्राही मोडलेला नसायचा. उशीखाली मिश्रीची डबी सापडली. "मावशी, लावली की भूकच लागत नाही गं," म्हणाली. निकोटिननं भूक मरते, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं; ७२च्या दुष्काळात तिनं तेच केलं.

आम्ही डबी फेकली आणि निर्धास्त झालो. तिथंच चुकलो. भूक परत आली, तसं लेकरू अधाशासारखं खायचं आणि मोरीत नळ सोडून ओकायचं. सारख्या ओकाऱ्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे पायच गळाले. मिश्रीचं व्यसन आणि खाण्याचा विकार, दोन्हींवर एकत्र उपचार सुरू झाले, तेव्हा कुठं फरक पडला. आता समोर बसून एक भाकर खाते. कुणाच्या घरी असं असेल तर रागावत बसू नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.